माठापासून विजेच्या मोटारीपर्यंत : शीतक द्रव्यांची दोनशें वर्षें

वैशाखाच्या दुपारीं मातीच्या माठांतलें पाणी गार कां लागतें, ह्या प्रश्नाचें उत्तर शाळेंतला मुलगाहि देईल. माठ पाझरतो, पाझरलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातें, आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. द्रवाचा वायु होण्यास उष्णता लागते, व ती त्याला जवळच्या वस्तूकडूनच घ्यावी लागते. इतका हा साधा नियम. परंतु आज मुंबईच्या दुकानांतील थंड पेटी, नॉर्वेमधील घर ऊबदार ठेवणारें यंत्र आणि रस्त्यावरून आवाज न करतां जाणारी विजेची मोटार, ह्या तिन्हींचा कारभार ह्याच नियमावर चालला आहे. फरक एवढाच, कीं माठावरून उडालेलें पाणी परत येत नाहीं. यंत्रांत मात्र उडालेला वायु दाबून पुन्हां द्रव करतात, आणि तेंच द्रव्य वर्षानुवर्षें फिरवीत राहतात. ह्या फिरत्या द्रव्यास शीतक असें म्हणतात.

शीतक कोणतें असावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारखानदारांचा व इंजिनियरांचा वाटतो. पण गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास पाहिला तर ह्या एका निवडीनें घरांत निजलेलीं माणसें मारलीं आहेत, पृथ्वीवरच्या ओझोनच्या थरास छिद्र पाडलें आहे, आणि आतां विजेची मोटार हिवाळ्यांत एका भरणीवर किती दूर जाईल हेंहि तीच निवड कांहीं अंशीं ठरवूं लागली आहे. म्हणून हा इतिहास सामान्य गृहस्थानेंहि समजून घेण्याजोगा आहे.

यंत्र येण्यापूर्वीं थंडी ही विकत घ्यावयाची वस्तु होती, व ती जहाजानें येत असे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास पाठविला. हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांतून कापलेला तो बर्फ चार महिने समुद्रावर होता, आणि वितळत वितळतहि त्यांतला सुमारें १०० टन माल हुगळीच्या कांठीं पोहोंचला. पुढें मुंबईस व मद्रासेसहि असा बर्फ येऊं लागला आणि तो सांठविण्यासाठीं बर्फघरें बांधलीं गेलीं. मद्रासचें बर्फघर अद्याप उभें आहे. स्वामी विवेकानंद १८९७ सालीं कांहीं दिवस तेथेंच राहिले होते. तोंपर्यंत हा व्यापार मात्र संपला होता, कारण थंडी करणारें यंत्र आलें होतें.

त्या यंत्राची कल्पना जुनी आहे. एडिंबरो येथील प्राध्यापक विल्यम कलन ह्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास हवा काढून घेतलेल्या भांड्यांत ईथर उडवून थोडा बर्फ करून दाखविला. ऑलिव्हर इव्हान्स ह्या अमेरिकन कारागिरानें १८०५ सालीं असें सुचविलें, कीं उडालेला ईथर वायां न दवडतां तो दाबून पुन्हां द्रव करावा व फिरून वापरावा. जेकब पर्किन्स ह्यानें १८३४ सालीं लंडनमध्यें अशा यंत्राचें पेटंट घेतलें. ऑस्ट्रेलियांत जेम्स हॅरिसन ह्या वृत्तपत्रकारानें १८५० नंतरच्या दशकांत ईथरवर चालणारें बर्फाचें यंत्र प्रत्यक्ष कामास लावलें. चार अवयवांचें हें यंत्र होतें : द्रव जेथें उडून थंडी करतो ती नळी, वायु दाबणारा पंप, दाबलेला गरम वायु आपली उष्णता टाकून जेथें पुन्हां द्रव होतो ती नळी, आणि दाब उतरविणारी चिमुकली झडप. आजच्या सर्वांत नव्या मोटारींतहि हेच चार अवयव आहेत. बदलत गेलें तें मुख्यतः आंतलें द्रव्य.

ह्या यंत्राची दुसरी बाजू लोकांच्या लक्षांत यावयास मात्र वेळ लागला. यंत्र एका जागेची उष्णता काढून दुसऱ्या जागीं टाकतें. ज्या जागेंतून काढली ती थंड होते, हें खरें. पण ज्या जागीं टाकली ती गरम होते, हेंहि तितकेंच खरें. साडी कार्नो ह्या तरुण फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालीं उष्णतेच्या यंत्रांचें मूळ गणित मांडलें होतें. त्याच्या आधारें विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन झाला, त्यानें १८५२ सालीं दाखवून दिलें, कीं कोळसा सरळ जाळून घर ऊबदार करण्यापेक्षां त्याच कोळशावर यंत्र चालवून बाहेरच्या थंड हवेंतली उष्णता घरांत उपसून आणली, तर खर्च कमी लागेल. ऑस्ट्रियांत पीटर फॉन रिटिंगर ह्यानें १८५६–५७ च्या सुमारास एबेन्झे येथील मिठागरांत वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हां खाऱ्या पाण्यास देण्याचा प्रयोग केला. उष्णतेच्या पंपाचा, म्हणजे ज्यास आज हीट पंप म्हणतात त्याचा, आरंभ येथें धरतात.

थंड हवेंत उष्णता कोठून आली, असा प्रश्न साहजिक मनांत येतो. त्याचें उत्तर असें, कीं थंड व ऊन हे आपल्या त्वचेचे शब्द आहेत. उणे दहा अंशांच्या हवेंतहि उष्णता असते; उणे वीस अंशांच्या द्रवास ती हवा ऊनच वाटते. विहिरींतलें पाणी खोल आहे म्हणून तें नाहीं असें होत नाहीं. तें वर आणण्यास रहाट लागतो, एवढेंच. विजेची शेगडी एक युनिट वीज खाऊन एकच युनिट उष्णता देते. उष्णतेचा पंप एक युनिट वीज खाऊन दोन, तीन, कधीं चार युनिट उष्णता घरांत आणून टाकतो, कारण तो ती निर्माण करीत नाहीं, उपसतो. विहीर जितकी खोल, म्हणजे बाहेरची हवा जितकी थंड, तितके कष्ट अधिक. हा हिशेब पुढें मोटारीच्या वेळीं उपयोगीं पडेल.

आतां द्रव्यांकडे वळूं. ईथर पेट घेई. कार्ल फॉन लिंडे ह्या जर्मन प्राध्यापकानें १८७० नंतर अमोनियाचीं यंत्रें पक्कीं केलीं आणि दारूच्या भट्ट्या, खाटिकखाने व बर्फाचे कारखाने त्यांनीं भरून गेले. अमोनिया कामास उत्तम, पण विषारी. जहाजांवर, जेथें पळावयास जागा नसते, तेथें कर्बाम्ल वायु म्हणजे कार्बन डायऑक्साइड वापरूं लागले. तो पेटत नाहीं, परंतु त्यास फार मोठा दाब लागतो व त्यामुळें यंत्र अवजड होतें. घरांत नेण्याजोग्या लहान पेट्यांत सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हे वायु आले. पहिल्याच्या वासानें माणूस जागा तरी होई; दुसऱ्याचा वास इतका मंद, कीं गळती कळण्यापूर्वींच घात होई. बर्लिनमध्यें एक कुटुंब शीतपेटींतून गळलेल्या वायूनें झोपेंतच मेल्याची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन फार अस्वस्थ झाला. त्यानें लिओ झिलार्ड ह्या आपल्या तरुण मित्राच्या सहकार्यानें फिरते भाग व गळके सांधे नसलेल्या शीतपेटीचे आराखडे केले आणि त्यांस १९३० सालीं अमेरिकेंत पेटंटहि मिळालें. सापेक्षतावादाचा कर्ता घरच्या फडताळाकडे वळला, ह्यावरून त्या काळीं हा प्रश्न किती निकडीचा झाला होता हें दिसतें.

पण आइन्स्टाइनची पेटी बाजारांत आली नाहीं. ती येण्यापूर्वींच अमेरिकेंत थॉमस मिजली व त्याचे सहकारी ह्यांनीं १९२८ सालीं एक नवें द्रव्य शोधून काढलें. क्लोरीन, फ्लुओरीन व कर्ब ह्यांच्या संयोगानें झालेलें हें द्रव्य पेटत नव्हतें, विषारी नव्हतें, त्यास वास नव्हता, आणि उणे तीस अंशांच्या आसपास तें उकळत असल्यामुळें यंत्राला अगदीं सोयीचें होतें. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजलीनें तो वायु छातीभर ओढून घेतला आणि हलकेंच सोडून समोरची मेणबत्ती विझवून दाखविली. विषहि नाहीं व आगहि नाहीं, ह्याचा याहून चांगला पुरावा कोणता? फ्रिऑन ह्या नांवानें तें द्रव्य जगभर गेलें. १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींत थंड हवेचें यंत्र कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागलें. १९३८ सालीं झुरिक शहराच्या नगरगृहांत नदीच्या पाण्यांतून उष्णता उपसणारा पंप बसला. स्वित्झर्लंडला कोळसा परदेशांतून आणावा लागे; पुढें युद्ध पेटल्यावर ह्या पंपांचें मोल त्यांना चांगलेंच कळलें. इंग्लंडांत नॉरिच येथें जॉन सम्नर ह्यानें १९४५ सालीं, युद्धकाळच्या टंचाईंत मिळेल त्या सामानानें, असाच एक पंप जुन्या सल्फर डायऑक्साइडवर चालवून कचेरीची इमारत ऊबदार केली. पुढें तेल व कोळसा स्वस्त झाले आणि हे प्रयोग मागें पडले.

मिजली १९४४ सालीं वारला. आपल्या द्रव्याचें खरें दूषण त्याला कळलें नाहीं, व तें कळण्याचें साधनहि त्या काळीं नव्हतें. द्रव्य सुरक्षित होतें, कारण तें कशानेंच बिघडत नव्हतें. आणि तें बिघडत नव्हतें, हेंच त्याचें दूषण. यंत्रांतून सुटलेला हा वायु शंभर शंभर वर्षें हवेंत टिकून राहतो. जेम्स लव्हलॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७० नंतर स्वतः बनविलेल्या सूक्ष्म उपकरणानें अटलांटिक महासागरावरच्या हवेंतहि तो असल्याचें दाखविलें. १९७४ सालीं मारियो मोलिना व शेरवूड रोलंड ह्यांनीं पुढचा प्रश्न विचारला : हा वायु शेवटीं जातो कोठें? उत्तर असें निघालें, कीं तो हळूहळू उंच चढतो, तेथें सूर्याच्या प्रखर किरणांनीं फुटतो, आणि त्यांतून मोकळा झालेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. ओझोनचा तो थर नसेल तर सूर्याचे घातक किरण जमिनीवर येऊन माणसांस कातडीचे रोग व पिकांस अपाय करतील. कारखानदारांनीं हें म्हणणें बराच काळ मान्य केलें नाहीं. १९८५ सालीं जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जॉनथन शँकलिन ह्या तिघांनीं दक्षिण ध्रुवप्रदेशांतील हॅले बे येथील मोजमापें प्रसिद्ध केलीं, तेव्हां ओझोनचा थर वसंतऋतूंत तेथें भयंकर विरळ होत असल्याचें जगास दिसलें.

पुढें जें घडलें तें मनुष्यजातीच्या इतिहासांत विरळा. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथें राष्ट्रांनीं हीं द्रव्यें कमी करण्याचा करार केला. हिंदुस्थान त्यांत लगेच सामील झाला नाहीं, व त्याचें कारण न्याय्य होतें. हीं द्रव्यें हवेंत सोडलीं होतीं मुख्यतः श्रीमंत देशांनीं. गरीब देशांत शीतपेटी त्या काळीं थोड्याच घरीं होती. मग नव्या द्रव्यांचा खर्च सर्वांनीं सारखा कां सोसावा? १९९० सालीं लंडन येथें ह्यासाठीं एक सामायिक निधि उभारण्याचें ठरलें, आणि १९९२ सालीं हिंदुस्थान करारांत आला. मोलिना व रोलंड ह्यांना पॉल क्रुट्झेन ह्यांच्यासह १९९५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शास्त्रज्ञांचा आजचा अंदाज असा, कीं जगाच्या बहुतेक भागांत हा थर २०४० च्या सुमारास व दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या सुमारास १९८० सालच्या स्थितीस येईल.

मिजलीच्या द्रव्याच्या जागीं १९९० नंतर क्लोरीन नसलेलें एक नवें द्रव्य आलें. त्याचें व्यापारी नांव आर-१३४ए. ओझोनला त्यापासून कसलाहि अपाय नाहीं. जगांतल्या नव्या मोटारी हळूहळू त्यावर आल्या, व सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला. परंतु लवकरच दुसरा हिशेब पुढें आला. हवेंत सुटलेलें हें द्रव्य पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबानें सुमारें १,४०० किलो कर्बाम्ल वायूइतकें तापवितें. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजीं रवांडा देशांतील किगाली येथें जुन्या करारास पुरवणी जोडण्यांत आली. भारतानें ती २०२१ सालीं मान्य केली असून, २०२८ सालीं ह्या वर्गांतील द्रव्यांचा वापर आहे तेथें थांबवावयाचा आणि २०३२ पासून पायरीपायरीनें कमी करीत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनीं उतरवावयाचा, असें बंधन पत्करलें आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वर्षीं देशांतील शीतपेट्यांत व मोटारींत आजचें द्रव्य जवळजवळ असणार नाहीं. त्याच्या जागीं कोणतें असेल, हा खरा प्रश्न आहे.

ह्याच वेळीं विजेची मोटार पुन्हां रस्त्यावर आली. पुन्हां म्हणण्याचें कारण असें, कीं ती मूळची पेट्रोलच्या मोटारीइतकीच जुनी आहे. १८९९ सालीं कामिय जेनात्झी ह्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्याच गाडींत बसून ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली होती. विजेच्या मोटारीचा एक गुण असा, कीं ती उष्णता फार थोडी वायां घालविते. पेट्रोलचें इंजिन जेवढें काम करतें, त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता उधळतें. हिवाळ्यांत तीच फुकटची उष्णता उतारूंस ऊब देते. विजेच्या मोटारींत ही फुकटची शेगडी नाहीं. ऊब हवी असेल तर ती बॅटरींतून काढावी लागते, आणि बॅटरींतून जें ऊब देण्यास गेलें तें चाकांस मिळत नाहीं. असें हें गुणांतून उपजलेलें वैगुण्य आहे.

ह्याचें माप अमेरिकेंतील मोटारवाल्यांच्या संघानें २०१९ सालीं घेतलें. पांच विजेच्या मोटारी त्यांनीं उणे ७ अंश व ३५ अंश अशा दोन हवामानांत चालवून पाहिल्या व २४ अंशांच्या हवेशीं तुलना केली. नुसत्या थंडीनें पल्ला सरासरी १२ टक्के कमी झाला. आंत ऊब चालू करतांच तोच ४१ टक्के उतरला. उन्हाळ्यांत गारव्याचें यंत्र लावल्यावर तो १७ टक्के कमी झाला. म्हणजे थंडींत बॅटरीपेक्षां शेगडीच अधिक खाते.

एक ठोकळ हिशेब पाहावा. बॅटरींत ६० युनिट वीज आहे. शहरांतून ताशीं ५० किलोमीटरनें जातांना चाकांस तासाला साडेसात युनिट लागतात. अशी गाडी आठ तास, म्हणजे ४०० किलोमीटर जाईल. आतां विजेच्या तारेच्या शेगडीनें तासाला ३ युनिट घेतले, तर पल्ला सुमारें २८५ किलोमीटर होईल. तीच ३ युनिट ऊब पंपानें उपसून दीड युनिटांत मिळविली, तर ३३३. एका युनिटांत मिळविली, तर ३५३. पंपानें ६८ किलोमीटर परत मिळवून दिले. १९९६ सालच्या ईव्ही-१ ह्या अमेरिकन मोटारींत असा पंप होता. निसानच्या लीफ व रेनोच्या झोई ह्या गाड्यांत तो २०१२–१३ च्या सुमारास आला, आणि टेस्लानें २०२० सालीं आपल्या मॉडेल वाय गाडींत बसविला. नॉर्वेसारख्या देशांत, जेथें २०२४ सालीं विकलेल्या नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊदशांश विजेच्या होत्या, हे किलोमीटर म्हणजे बर्फांत अडकून राहणें आणि घरीं पोहोंचणें ह्यांतला फरक होय.

आतां ह्या पंपांत कोणतें शीतक घालावें? तीन उमेदवार पुढें आहेत. पहिला आर-१२३४वायएफ ह्या नांवाचा कृत्रिम वायु. युरोपीय देशांनीं मोटारींतील तापक द्रव्यांवर बंदी घालणारा नियम २००६ सालीं केला व तो २०१७ पासून सर्व नव्या मोटारींस लागूं झाला. त्यानंतर बहुतेक कारखान्यांनीं हाच वायु घेतला. तो हवेंत कांहीं दिवसांतच विरून जातो, म्हणून तापवीत नाहीं. पण तो थोडासा पेट घेतो, व २०१२ सालीं जर्मनींतील एका प्रख्यात कारखान्यानें आपल्याच चांचणींत तो पेटल्याचें सांगून मोठें वादळ उठविलें होतें. शिवाय तो उणे साडेएकोणतीस अंशांवर उकळतो. उणे वीस अंशांच्या नळींत त्याचा दाब वातावरणाच्या जेमतेम दीडपट राहतो. विरळ वायु हा अशक्त हमालासारखा आहे. एका खेपेस तो थोडेंच ओझें उचलतो. म्हणून कडाक्याच्या थंडींत, जेव्हां गरज सर्वांत अधिक, तेव्हांच हा पंप दमतो आणि पुन्हां तारेच्या शेगडीचा आश्रय करावा लागतो.

दुसरा उमेदवार म्हणजे जहाजांवरचा तो जुना कर्बाम्ल वायु. नॉर्वेचे प्राध्यापक गुस्ताव लोरेन्ट्झेन ह्यांनीं १९९० च्या सुमारास त्याचें पुनरुज्जीवन केलें. उणे वीस अंशांवर त्याचा दाब वातावरणाच्या जवळजवळ वीसपट असतो. हा हमाल धडधाकट आहे. जपानांत २००१ सालापासून घरोघर पाणी तापविण्यास तो वापरूं लागले, आणि २०२० नंतर फोक्सवॅगनच्या कांहीं विजेच्या मोटारींत तो आला. परंतु ३१ अंशांच्या वर कितीहि दाबला तरी तो द्रव होत नाहीं. तेथें त्याला शंभर वातावरणांहून अधिक दाबावर राबवावें लागतें व वीज जास्त जाते. ओस्लोच्या हिवाळ्यांत जो उत्तम, तो नागपूरच्या मे महिन्यांत महाग पडतो.

तिसरा उमेदवार प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या नळकांड्यांतील वायूचा सख्खा भाऊ. तो उणे ४२ अंशांवर उकळतो. त्यामुळें थंडींत त्याचा जोर टिकतो, व उन्हाळ्यांतहि तो मागें हटत नाहीं. युरोपांत घरें ऊबदार करणाऱ्या नव्या पंपांत तो मोठ्या प्रमाणावर आला आहे, कारण पाणी सत्तर अंशांपर्यंत तापवून तो जुन्या इमारतींतील जुन्याच नळ्यांस पुरा पडतो. त्याचा दोष सर्वांस ठाऊक आहे : तो पेटतो. म्हणून मोटारींत तो घालावयाचा तर त्याचें सगळें यंत्र लहान करून पुढच्या झांकणाखालीं कोंडावयाचें, आणि उतारूंकडे ऊब किंवा गारवा नेण्याचें काम पाण्याच्या नळ्यांनीं करावयाचें, अशी योजना आहे; तिचे प्रयोग चालू आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. नवें शीतक घातलें म्हणून मोटारीचा पल्ला दुप्पट होणार नाहीं. कार्नोनें घातलेली मर्यादा कोणतेंहि द्रव्य ओलांडूं शकत नाहीं. मोठा लाभ शेगडी जाऊन पंप येण्यांत आहे. शीतकाचा लाभ इतकाच, कीं त्या पंपानें कडक थंडींत व कडक उन्हांत दम सोडूं नये. हा लाभ कांहीं टक्क्यांचा असला तरी कोट्यवधि गाड्यांच्या व घरांच्या हिशेबांत तो लहान नाहीं.

आणि वाद येथेंहि संपलेला नाहीं. आर-१२३४वायएफ हवेंत विरतो तेव्हां त्याचें ट्रायफ्लुओरोअॅसेटिक अॅसिड होतें. तें पावसाबरोबर जमिनींत व पाण्यांत उतरतें आणि तेथें सहसा नाश पावत नाहीं. हवेंतलें न नासणारें द्रव्य टाळण्यासाठीं घेतलेल्या वायूनें पाण्यांत न नासणारें द्रव्य ठेवावें, ह्यांत इतिहासाची पुनरावृत्ति दिसली तर नवल नाहीं. जर्मनी, नेदरलंड्स, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे ह्या पांच देशांनीं २०२३ च्या आरंभीं अशा चिरकाल टिकणाऱ्या फ्लुओरीनयुक्त द्रव्यांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. कारखानदार म्हणतात, हें अॅसिड अल्प प्रमाणांत निरुपद्रवी आहे. मिजलीची मेणबत्तीहि खोटी नव्हती. ती विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर होती. चूक होती ती न विचारलेल्या प्रश्नांत.

ह्या देशापुरता बोध काय? येथें घर ऊबदार करण्याची गरज हिमालयाच्या कुशींतल्या मुलखास. इतरांस गारवा हवा. चाळीसपंचेचाळीस अंशांत कोणतें द्रव्य कमी विजेंत गारवा देईल, हें युरोपांतील चांचण्यांवरून ठरणार नाहीं. ह्या बाबतींत महाराष्ट्रांत झालेलें एक काम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९५८ सालीं ज्यांनीं पहिली हिंदी शीतपेटी केली, त्या गोदरेज कारखान्यानें २०१२ सालीं प्रोपेनवर चालणारें खोलीचें गारव्याचें यंत्र पुण्याजवळच्या शिरवळ येथें बनवून बाजारांत आणलें. जगांत पुष्कळ ठिकाणीं ह्या वायूच्या भयानें लोक थबकले होते, तेव्हां येथें तो मोजक्या प्रमाणांत, शिकविलेल्या माणसांच्या हातून बसविला गेला.

‘शिकविलेल्या माणसांच्या हातून’ ह्या शब्दांतच सर्व सार आहे. ईथर, अमोनिया, फ्रिऑन किंवा प्रोपेन, यांपैकीं कोणतेंहि द्रव्य नळींत बंद आहे तोंवर निरुपद्रवी आहे. घात होतो तो तें बाहेर सुटल्यावर. दुरुस्तीला आलेला कारागीर जुना वायु हवेंत सोडून मोकळा होतो, त्या घटकेस सर्व करार व सर्व शोध व्यर्थ होतात. आणि तो वायु नळकांड्यांत परत भरून घेण्याचें यंत्र त्याच्याजवळ नसतें, हा दोष त्याचा एकट्याचा नाहीं. जें घर यंत्र विकत घेतांना त्यांत कोणतें शीतक आहे हें विचारील, आणि दुरुस्तीच्या वेळीं जुना वायु कोठें गेला हेंहि विचारील, तें घर ह्या दोनशें वर्षांच्या इतिहासापासून खरोखर कांहीं शिकलें असें म्हणतां येईल.